मातेचा गौरव आणि रविवारचा हिशेब

भारतीय समाजात मातृत्वाचा जेवढा भरभरून आणि जेवढ्या कमी खर्चात गौरव झालेला आहे, तेवढा दुसऱ्या कोणत्याही अवस्थेचा झालेला नाही. आईची थोरवी गाण्यास निधीची तरतूद लागत नाही, महिला दिनी गुलाबाचे फूल देण्यास वित्त विभागाची मान्यता लागत नाही, आणि मातृदिनाचा संदेश कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर पुढे ढकलण्यास तर वाचण्याचेही कष्ट लागत नाहीत. अडचण उद्भवते ती हीच माता पगारपत्रकावर अवतरल्यानंतर. जिच्यापुढे काल हात जोडले तिच्या नावासमोर हजेरीपटावर सलग सव्वीस आठवडे रजेची खूण करावी लागणार आणि तरीही पगार द्यावा लागणार, हे ध्यानात येताच भक्तीचे रूपांतर लेखापरीक्षणात होते. हे रूपांतर कसे घडते, कोणत्या टप्प्यांनी घडते आणि त्याची किंमत कोण मोजते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी प्रथम ‘प्रसूती लाभ’ ही संज्ञा स्पष्ट केली पाहिजे. प्रसूती लाभ म्हणजे प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर ठरावीक काळ कामावर न येताही स्त्री कर्मचाऱ्यास सरासरी दैनिक वेतनाच्या दराने मिळणारी रक्कम होय; ती बक्षिसी नव्हे, उचल नव्हे आणि साहेबांची मेहेरबानी तर नव्हेच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या स्थापनेच्याच वर्षी, म्हणजे 1919 मध्ये, या विषयावर करार संमत केला. भारतात कामगारनेते ना. म. जोशी यांनी 1924 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात तशा आशयाचे विधेयक आणले, ते फेटाळले गेले. पण 1928 मध्ये तोच विषय मुंबई कायदेमंडळात आला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास जोरदार पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. 1929 मध्ये मुंबई प्रांतात असा कायदा झाला आणि तो देशातील पहिला ठरला. पुढे 1961 चा केंद्रीय प्रसूती लाभ कायदा आला. त्यात 12 आठवड्यांची रजा होती, ती 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवड्यांवर गेली. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 या मोठ्या छत्राखाली गेला असला, तरी त्यातील मुख्य हक्क कायम आहेत. याचा अर्थ असा की, या विषयाचे वय शंभर वर्षांहून अधिक झाले आहे आणि मुंबईच्या कार्यालयांना तर त्याची सवय होण्यास जवळजवळ एक शतक मिळालेले आहे. तरीही कोणत्याही कार्यालयात बाळंतपण ही घटना मानवजातीच्या इतिहासात प्रथमच घडत असल्याच्या आविर्भावात स्वीकारली जाते, हे निरीक्षण सार्वत्रिक आहे.

या आश्चर्याचे टप्पे ठरलेले असतात. पहिला टप्पा आनंदाचा. गोड बातमी कळते, पेढे की बर्फी यावर पैजा लागतात, वर्गणी निघते आणि बैठकीच्या खोलीत डोहाळजेवण होते. ज्या टेबलावर सकाळी तिमाही उद्दिष्टांची चिरफाड झाली, त्याच टेबलावर दुपारी हिरव्या बांगड्या, वाटीत झाकलेला पेढा व बर्फी आणि फुलांचे दागिने मांडले जातात, आणि एरवी कोणाशी न बोलणारे लेखाधिकारीही ‘आता दोघांचं खायचं हं’ असा वैद्यकीय सल्ला देऊन जातात. दुसरा टप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सुरू होतो. ‘तुमचं काम आता कोण बघणार?’ हा प्रश्न तिलाच विचारला जातो, जणू मनुष्यबळाचे नियोजन हे गरोदर बाईच्या डोहाळ्यांपैकीच एक आहे. तिसऱ्या टप्प्यात ‘तुमच्याच काळजीपोटी’ तिच्याकडील महत्त्वाचे काम काढून घेतले जाते, आणि चौथ्या टप्प्यात, वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी, यंदा तिच्याकडे महत्त्वाचे काम नव्हते अशी नोंद होते. या चार टप्प्यांत कोणीही दुष्ट नसतो. सगळे जण तिची काळजीच करत असतात, आणि त्या काळजीतच तिची बढती वाहून जाते. वास्तविक कायद्याने काळजीची व्याख्या फार साधी ठेवली आहे: प्रसूतीपूर्वीच्या ठरावीक काळात तिने विनंती केल्यास दगदगीचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देऊ नये, आणि प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तिला कामावर मुळीच ठेवू नये. यात विनंती कोणी करावयाची हे स्पष्ट आहे. परंतु सहकाऱ्यांना नेमकी तीच अट आठवत नाही.

हिशेबाच्या बाजूने पाहिले तर भारतीय व्यवस्थापनाची सूक्ष्मदृष्टी थक्क करणारी आहे. या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा 1977 मधील एक निर्णय अभ्यासण्यासारखा आहे. तमिळनाडूतील एका मळ्यातील कामगार स्त्री 1967 च्या डिसेंबरात बाळंत झाली. कायद्याने तिला 12 आठवड्यांचा लाभ देय होता. कोणत्याही शाळकरी मुलाने बारा साते चौऱ्याऐंशी असा पाढा म्हणून विषय संपवला असता. परंतु मालकपक्षाने बारा सक बहात्तर असा पाढा म्हटला. रविवारी मजुरी मिळत नाही, तेव्हा रविवारचा लाभही मिळणार नाही, असे त्यामागील तर्कशास्त्र होते. आठवड्यात रविवार येतो किंवा कसे, हा प्रश्न मग कोइमतूरच्या कामगार न्यायालयातून उच्च न्यायालयात आणि तेथून देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे गेला. न्यायमूर्तींनी शब्दकोश उघडले, कायद्याचा हेतू तपासला आणि अखेर असा निर्वाळा दिला की, आठवडा सात दिवसांचा असतो, रविवार त्यातच मोडतो, आणि लाभाचा उद्देश स्त्रीने केवळ तग धरावा एवढाच नसून तिने झिजलेली शक्ती भरून काढावी, बाळाला पाजावे आणि कामगार म्हणून आपली कार्यक्षमताही टिकवावी हा आहे. निर्णय लागला तेव्हा ते बाळ दहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. म्हणजे बारा साते किती, हे त्याला स्वतःलाच सांगता आले असते.

हिशेबाइतकीच जिज्ञासाही तीव्र असते. भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या नोकरभरतीत एके काळी स्त्री उमेदवारांकडून जे घोषणापत्र भरून घेतले जाई, त्यात मासिक पाळी नियमित व वेदनारहित आहे काय, शेवटची पाळी केव्हा आली, गर्भधारणा किती वेळा झाली, असे रकाने होते. आयुष्याचा विमा उतरवणाऱ्या संस्थेने आयुष्याच्या उगमाविषयीही चौकसपणा दाखवावा, हे एका दृष्टीने सुसंगतच म्हटले पाहिजे. परंतु परिविक्षा काळात, म्हणजे कायम होण्यापूर्वीच्या चाचणीच्या काळात, कामावरून काढल्या गेलेल्या एका स्त्रीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये हे रकाने लज्जास्पद व अवमानकारक ठरवले, ते काढून टाकण्यास सांगितले आणि तिला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला. त्यापूर्वी दहा वर्षे, 1981 मध्ये, एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला गाजला होता. पहिल्या गर्भारपणातच नोकरी संपुष्टात आणणारा नियम त्या कंपनीत होता. ज्या कंपनीचा महाराजा जगभरातील प्रवाशांना कमरेत वाकून नमस्कार करत असे, त्याच कंपनीत गरोदर स्त्रीला मात्र नमस्कार करून दार दाखवले जाई. न्यायालयाने हा नियम भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान म्हणून रद्द केला. रोजंदारीवरील स्त्रियांना मात्र 2000 पर्यंत वाट पाहावी लागली. दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवर काम करणाऱ्या स्त्रियांनाही प्रसूती रजा मिळाली पाहिजे, असे त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. बाळंतकळा कायम आणि हंगामी असा भेद करत नाहीत, हे प्रशासनाला पटवून देण्यासाठीही अशा रीतीने न्यायनिर्णय लागला.

रजा संपवून स्त्री कामावर परतते तेव्हा विषयाचा उत्तरार्ध सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. 26 आठवडे म्हणजेही सुमारे सहा महिने. तेव्हा कायदा आणि वैद्यक यांचा मेळ उत्तम बसल्यासारखा दिसतो. परंतु या 26 आठवड्यांपैकी कमाल आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात, आणि ज्या स्त्रीने ते पूर्ण घेतले तिच्याकडे बाळाच्या जन्मानंतर अठराच आठवडे, म्हणजे जेमतेम चार महिने, उरतात. उरलेल्या काळासाठी कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन ‘स्तनपान विराम’ दिले आहेत. स्तनपान विराम म्हणजे नेहमीच्या विश्रांतीखेरीज बाळाला पाजण्यासाठी मिळणारी सवेतन मोकळीक. या विरामाची लांबी कायद्यात नव्हती, ती नियमांत ठरली, आणि 1963 च्या त्या नियमांच्या नावात ज्या उद्योगांची जोडी आहे ती मननीय आहे: खाणी आणि सर्कस. 1961 च्या कायद्याच्या व्याप्तीत घोडेस्वारी, कसरती व इतर प्रयोग करून दाखवणाऱ्या आस्थापनांचा स्पष्ट उल्लेख होता. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये मुंबईत भारतीय सर्कशीचा पहिला प्रयोग केला, तेव्हा या कलेचा मान महाराष्ट्राचाच. परंतु नोकरदार आईच्या दिनक्रमाचे स्वरूप ओळखून कायदेमंडळाने सर्कशीचा शब्द मुद्दाम घातला असावा, असा समज कोणा वाचकाचा झाला तर त्याला दोष देता येणार नाही.

त्या नियमांनुसार प्रत्येक विराम पंधरा मिनिटांचा असून, पाळणाघर जवळ नसल्यास जाण्यायेण्यासाठी आणखी पाच ते पंधरा मिनिटे मिळतात. झुल्यापासून पाळण्यापर्यंतचे अंतर तंबूच्या आत असल्याने सर्कशीत हे गणित जमत असावे. मुंबईत कार्यालय फोर्टात आणि बाळ डोंबिवलीत आजीजवळ असेल, तर सीएसएमटीहून धीम्या लोकलने पंधरा मिनिटांत जेमतेम परळ गाठता येते आणि तेथून परत फिरावे लागते. म्हणून व्यवहारात स्त्रिया पंप वापरून दूध काढून ठेवतात, आणि येथे कार्यालयाच्या वास्तुरचनेची खरी परीक्षा होते. सदर कामासाठी जागा विचारली असता प्रथम स्वच्छतागृह सुचवले जाते, जेथे सुचवणारा स्वतः बिस्किटही खाणार नाही. त्यानंतर रेकॉर्ड रूम, जिच्या दाराला कडी नसते. आणि शेवटी साहेबांची केबिन, ती साहेब जेवायला गेले असतील तर. दूध उतरण्याची क्रिया ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे होते आणि मनावर ताण असल्यास ती अडते, हे शरीरशास्त्र येथे लक्षात घेतले पाहिजे. कडी नसलेल्या दाराला पाठ लावून, एका हाताने पंप व दुसऱ्या हाताने साहेबांचा फोन धरून बसलेल्या स्त्रीच्या संप्रेरकांकडून फार अपेक्षा करणे शास्त्राला धरून नाही. त्यातूनही दूध निघाले तर ते फ्रिजमध्ये ठेवण्याचा प्रश्न येतो. कँटीनच्या ज्या फ्रिजमध्ये कोणाची तरी मागल्या गुरुवारची कोलंबी निर्वेध नांदत असते, त्यातच नाव-वेळ लिहिलेली दुधाची स्वच्छ बाटली दिसताच ‘हे इथं कशाला?’ असा प्रश्न उमटतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात 1989 पासून मातांच्या दुधाची पेढी चालते आणि ती आशियातील पहिली मानली जाते; त्याच शहरात एका बाटलीला फ्रिजचा कोपरा मिळू नये, यात शास्त्राचा दोष नाही.

पाळणाघराची तरतूद यावरचा उपाय म्हणून आली. 2017 च्या दुरुस्तीनुसार 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ दिले पाहिजे. नेहमीची विश्रांतीची वेळही या चारांत धरलेली आहे. ‘कर्मचारी’ या शब्दात पुरुषही येतात, ही गोष्ट अनेक व्यवस्थापनांना धक्कादायक वाटते. त्यामुळे काही आस्थापनांची कर्मचारीसंख्या वर्षानुवर्षे एकोणपन्नासवर कमालीची स्थिर असते आणि पन्नासावा मनुष्य कायम ‘सल्लागार’ राहतो. जेथे पाळणाघर असते तेथे ते पाहुण्यांना दाखवण्यासाठी असते: भिंतीवर जिराफ, कोपऱ्यात झोपाळा, आणि मध्यभागी जुन्या संगणकांची खोकी.

महाराष्ट्राने या बाबतीत एक मानाचे नाव योजले आहे. एसटी स्थानके व शासकीय कार्यालये येथील स्तनपानाच्या खोलीस ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. रायगडावर दूध विकायला गेलेली हिरकणी गवळण, संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाल्यावर घरी राहिलेल्या तान्ह्या बाळाच्या ओढीने अंधारात कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. महाराजांनी तिचा साडीचोळी देऊन गौरव केला, आणि जी वाट बाईला उतरता येते ती शत्रूला चढताही येईल हे ओळखून तेथे बुरूज बांधला. राज्यकर्त्याच्या ठिकाणी गुणग्राहकता आणि दक्षता दोन्ही होत्या, हे या कथेचे तात्पर्य. आजच्या कार्यालयांनी त्यातील दक्षता तेवढी पूर्णपणे आत्मसात केली आहे: लवकर निघण्याची एखादी वाट एखाद्या आईने शोधली की ती तत्काळ बंद होते, बायोमेट्रिक यंत्र तेथे बुरुजासारखे उभे राहते, आणि साडीचोळीचा विषय अंदाजपत्रकात बसत नाही. एखाद्या स्थानकावरचा हिरकणी कक्षही असाच कडेकोट असतो. दारावर बाळाला कुशीत घेतलेल्या मातेचे चित्र, खाली उद्घाटकांची नावे, त्याखाली कुलूप. किल्ली वाहतूक नियंत्रकाकडे आणि वाहतूक नियंत्रक चहाला. त्या कुलपासमोर रडणारे मूल घेऊन उभी असलेली प्रवासी स्त्री अखेर पदराआड, बाकड्यावर, सर्वांकडे पाठ करून बसते. आणि दोन बाकडी सोडून बसलेले गृहस्थ ‘काय हे चारचौघांत’ अशा नजरेने तिच्याकडे पाहून भिंतीवर पान थुंकतात, जे कृत्य चारचौघांत चालते.

मालकाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. कर्मचारी राज्य विमा योजना, जिच्यात मालक व कामगार दोघांच्या वर्गणीतून निधी उभा राहतो, ती मासिक 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांपुरती आहे. त्या योजनेबाहेरच्या स्त्रीच्या रजेचा संपूर्ण पगार तिच्या एकट्या मालकाच्या खिशातून जातो. मोठ्या कंपनीला तो जाणवत नाही, पण बारा माणसांच्या छापखान्याला जाणवतो, आणि मग मुलाखतीत ‘लग्नाचं काय ठरलंय?’ हा प्रश्न अगदी कौटुंबिक जिव्हाळ्याने विचारला जातो. त्या प्रश्नाचे उत्तर मुलगी देते, आणि तिच्या उत्तराचा निर्णय मालकाचा अकाउंटंट देतो. म्हणूनच हा भार एकट्या मालकावर न टाकता सामाजिक विम्यातून उचलावा, असे आंतरराष्ट्रीय करार सांगतात, आणि सरकारने भार उचलावा ही 1928 ची सूचना आजही अंमलबजावणीची वाट पाहत आहे. सरकारचा वाटा किती, हे पाहावयाचे तर 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर स्त्रीस किमान 6,000 रुपये देऊ केले, आणि त्यासाठी आलेल्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये हप्त्याहप्त्यांनी ठेवले. योजनेच्या नावात वंदना आहे, हे खरे.

या सगळ्या चर्चेच्या बाहेर त्या स्त्रिया उरतात ज्यांच्याकडे हजेरीपटच नाही. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो, मुकादमाची उचल आधीच डोक्यावर असते, आणि कामावर न गेलेला दिवस ‘खाडा’ म्हणून कापला जातो. पोटात कळा आहेत की ताप आहे, याने खाड्याच्या दरात फरक पडत नाही. शहरात हीच गोष्ट घराच्या आत घडते. सव्वीस आठवड्यांची पगारी रजा घेऊन घरी असलेल्या बाळंतिणीला तेल लावून शेक देणारी आणि तिच्या बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी बाई स्वतः बाळंत झाली की, तिची ‘रजा’ म्हणजे तिच्या जागी दुसरी बाई येईपर्यंतचा अवधी असतो. मालकीणबाईंना कायद्याची पूर्ण माहिती असते. फक्त घर ही आस्थापना आहे, असे त्यांना वाटत नाही, आणि प्रसूती लाभाच्या कायद्यालाही वाटत नाही.

वडिलांचा उल्लेख एवढ्या उशिरा यावा, हेही विषयाला धरूनच आहे. केंद्र सरकारी पुरुष कर्मचाऱ्यास 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी क्षेत्रासाठी तसा केंद्रीय कायदा नाही. जोपर्यंत बाळामुळे फक्त बाईच कामावरून गैरहजर राहते, तोपर्यंत बाईला नोकरी देणे जोखमीचे वाटत राहणार. ज्या दिवशी मुलाखतीत मुलालाही ‘लग्नाचं काय?’ असे तितक्याच चिंतेने विचारले जाईल, त्या दिवशी हा भेदभाव संपल्याचे समजावे.

तोपर्यंत कायद्यातील एक छोटी तरतूद प्रत्येक वाचकाने वापरून पाहावी. जेथे स्त्रिया काम करतात अशा प्रत्येक आस्थापनेत प्रसूती लाभाच्या तरतुदींचा गोषवारा स्थानिक भाषेत, सहज दिसेल अशा जागी लावणे मालकावर बंधनकारक आहे. महाराष्ट्रात याचा अर्थ मराठीत. तेव्हा उद्या कार्यालयात गेल्यावर सूचनाफलक पाहावा. तेथे क्रिकेट स्पर्धेचे वेळापत्रक आणि हरवलेल्या छत्रीची सूचना असेल, पण हा गोषवारा नसेल, तर तो लेखी मागावा; आणि ही मागणी गरोदर स्त्रीवर न सोपवता, ज्याला बाळंत व्हावयाचे नाही अशा एखाद्या पुरुष सहकाऱ्याने करावी, कारण त्याला त्यासाठी बढती गमवावी लागत नाही.